इंजिन ओरडतं, बोट धावत नाही: देवबागमधल्या एका पर्यटन बोटीचं प्रकरण

पार्श्वभूमी

कर्ली खाडी समुद्राला मिळते तिथे देवबागची चिंचोळी पट्टी संपते. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र आणि तोंडावर दर पावसाळ्यानंतर आपली जागा बदलणारी वाळू. पर्यटकांच्या बोटी खाडीतून सुटतात, संगम ओलांडून भोगवे-निवतीच्या बाजूला डॉल्फिन दाखवायला जातात आणि परत येतात. धंद्याचे महिने मोजके. २६ मे ते ३१ ऑगस्ट जलपर्यटन बंद असतं, सप्टेंबरात पाऊस अजून रेंगाळत असतो, आणि खरी गर्दी दिवाळीच्या सुट्टीत. ऑक्टोबरात इंजिन बिघडलं की मालकाच्या पोटात गोळा येतो तो यामुळे.

या प्रकरणातली बोट २१ फुटी, फायबरची. तांडेल (म्हणजे बोट चालवणारा), खलाशी आणि सहा पर्यटक अशी तिची नेहमीची भरती. मागे ४० अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक आऊटबोर्ड, म्हणजे बोटीच्या बाहेरून टांगायचं इंजिन, दोन सिलिंडरचं, लाँग शाफ्ट म्हणजे लांब पायाचं, हँडलवर चालवायचं. कुठल्या कंपनीचं ते इथे गौण आहे, कारण दोष इंजिनात नव्हताच. आधीच्या हंगामात हीच बोट भरलेल्या स्थितीत ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास जायची. हा आकडा तांडेलाच्या मोबाइलवरच्या जीपीएसमधला, त्यामुळे विश्वास ठेवण्याजोगा.

पावसाळ्यात बोट माडांखाली ताडपत्रीत होती. त्याच काळात तिचा ट्रान्सम, म्हणजे ज्या मागच्या फळीवर इंजिन टांगलं जातं ती फळी, नवी करून घेतली गेली. जुन्या फळीतलं प्लायवुड इंजिनाच्या बोल्टांच्या भोकांतून पाणी पिऊन पिऊन मऊ पडलं होतं. फायबरवाल्याने जुनं प्लाय खरवडून काढलं, नवं बसवलं, वर मॅट (काचतंतूंचं कापड) आणि रेझिनचे थर दिले. काम दणकट झालं होतं. त्याच्या हाताला मी आजही नावं ठेवणार नाही. एक माप मात्र त्याला कुणी दिलं नाही आणि त्यानेही विचारलं नाही.

तक्रार

ऑक्टोबरच्या सुरुवातीला गिऱ्हाइकं सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात तांडेल म्हणाला, “मशीन वरडता, पण बोट धावणा नाय.” हळू चालवली तर काही कुरबुर नाही. खाडीत खारफुटी दाखवत फिरताना बोट अगदी शहाण्यासारखी वागायची. थ्रॉटल अर्ध्याच्या पुढे नेला की आवाज एकदम चढायचा आणि बोट नाक वर करून तिथेच पाणी ढवळत राहायची.

मला बोलावलं तेव्हा आधी दोन आकडे घेतले. प्लगच्या वायरीला गुंडाळायचा साधा आरपीएम मीटर आणि मोबाइलचा जीपीएस, एवढी सामग्री पुरते. भरलेल्या बोटीत थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर इंजिन मिनिटाला ५,६०० फेऱ्यांवर आणि बोट ताशी ११ किलोमीटरवर. या इंजिनाची पूर्ण थ्रॉटलची मर्यादा ४,५०० ते ५,५०० फेऱ्या. म्हणजे इंजिन मर्यादेच्याही पुढे पळत होतं आणि बोट जवळपास वल्ह्याच्या चालीने निघाली होती.

हे आकडे काय सांगतात? गिअरचं गुणोत्तर २:१, म्हणजे इंजिनाच्या दोन फेऱ्यांना पंख्याची (प्रॉपेलरची) एक. पंख्याचा पिच ११ इंच, म्हणजे पाणी घट्ट असतं तर एका फेरीत पंखा ११ इंच पुढे गेला असता. ५,६०० फेऱ्यांना पंखा २,८०० वेळा फिरतो आणि कागदावर ताशी ४७ किलोमीटर वेग निघतो. प्रत्यक्षात ११. पाणी घट्ट नसल्याने थोडी घसर सगळ्याच बोटींत असते. याच बोटीची आधीची घसर साधारण २४ टक्के होती आणि अशा भरलेल्या बोटीला ती ठीक आहे. आता ती ७७ टक्क्यांवर गेली होती. एवढी शक्ती कुठेतरी वाया जात होती, आणि ती इंजिनाच्या डोक्याखालीच कुठेतरी.

आधी काय करून झालं होतं

माझ्याआधी मालकाने दोन ठिकाणी दाखवलं होतं. प्लग बदलले, कार्ब्युरेटर साफ केला, टाकीतलं पेट्रोल गाळून घेतलं, फ्युएल पंपाचा पडदा नवा टाकला. “पिकअप गेलाय” या एका शब्दावर हे सगळं झालं. आपल्याकडे मोटारसायकल ओढेनाशी झाली की पिकअप गेला म्हणतात आणि बहुतेकदा ते खरंही असतं. पण ज्याला पेट्रोल कमी पडतं किंवा ज्याचं कॉम्प्रेशन गेलंय, ते इंजिन फेऱ्याच घेत नाही. थ्रॉटल उघडला तरी घुमत बसतं. इथे इंजिन फेऱ्या घेत होतं, नको तेवढ्या घेत होतं. अशा वेळी कार्ब्युरेटर उघडणं म्हणजे सायकलची चेन उतरलेली असताना पायडलला तेल घालणं.

त्या कामांचा तोटा झाला नाही, इंजिन स्वच्छ झालं. पण हंगामातले दिवस गेले आणि मालकाचा धीरही सुटत चालला. “इंजिनच बदलून टाकूया का?” इथपर्यंत गोष्ट आली होती.

इंजिन आणि पाणी यांच्यामध्ये

शक्ती कुठे गळतेय हे शोधायचं तर वाट माहीत हवी. क्रँकची ताकद उभ्या ड्राइव्हशाफ्टने खाली गिअरकेसमध्ये येते. तिथे बेव्हल गिअर आणि दातेरी क्लच. तिथून आडवा प्रॉपशाफ्ट. शाफ्टवर आटे नव्हे तर लांबट खाचा असतात, त्यांत पितळी बाही बसते. त्या बाहीभोवती रबराचा जाड बुश दाबून बसवलेला असतो आणि बुशावर पंख्याचं ॲल्युमिनियमचं नळकांडं. म्हणजे पंखा आणि शाफ्ट यांचा धातूला धातू संबंधच नाही. मध्ये रबर आहे. हे मुद्दाम केलेलं आहे. पंखा वाळूला किंवा ओंडक्याला आपटला तर रबराने घसरून धक्का पचवावा आणि गिअर वाचावेत. दोन-चार अश्वशक्तीच्या लहान इंजिनांत हेच काम एक मऊ पिन करते. ती तुटते, नवी घालायची.

या साखळीतली कुठलीही कडी सुटली तरी वरून दिसणारं लक्षण एकच: आवाज जास्त, वेग कमी. पण प्रत्येक कडीची सुटण्याची तऱ्हा वेगळी. क्लचचे दात झिजले असतील तर गिअर सुटतो आणि पुन्हा पकडतो, त्यामुळे खडखड होते, हँडलला धक्के बसतात. रबर घसरलं तर खडखड नसते. फेऱ्या गुळगुळीत चढतात, आणि तेही जोर मागितल्यावरच, हळू चालवताना रबर व्यवस्थित पकडून असतं. पंख्याला हवा मिळाली तर फेऱ्या क्षणात उसळतात, मागे पांढरा फेस दिसतो आणि थ्रॉटल सोडून पुन्हा दिला की पकड परत येते. पंख्याचं पातं वाकलं असेल तर सगळी बोट थरथरते.

तांडेलाला मी हे चारही प्रकार विचारले. खडखड नाही, थरथर नाही. “गुळगुळीत वरडता,” असं त्याचं उत्तर. गिअरकेस उघडण्याचा सल्ला एकाने देऊन ठेवला होता. तो मी तिथेच बाजूला ठेवला.

समोर असलेले पर्याय

मालकापुढे चार वाटा होत्या. गिअरकेस खोलून पाहणं: खर्चिक, सुटे भाग मिळेपर्यंत बोट बंद, आणि लक्षणं तिकडे इशारा करत नव्हती. नवा पंखा घेणं: हजारांत जाणारा खर्च, पण दोष पंख्यात नसेल तर पैसे वाया. तिसरी वाट बंदरावरच्या अनुभवी मंडळींनी सुचवलेली: नळकांड्यातून पितळी बाहीपर्यंत भोकं पाडून बोल्ट मारायचे, म्हणजे रबर घसरूच शकणार नाही. चौथी, मी म्हटलेली: आधी नक्की काय घसरतंय ते पाहायचं, त्याला खर्च नाही.

बोल्ट मारण्याच्या जुगाडाबद्दल थोडं लिहायला हवं, कारण किनाऱ्यावर तो सर्रास होतो आणि एका दिवसासाठी चालतोही. पण रबराचं काम धक्का पचवण्याचं. बोल्ट मारल्यावर तो धक्का सरळ शाफ्टला आणि गिअरच्या दातांना जातो. ज्या बोटीला रोज वाळूवरून संगम ओलांडायचाय तिच्यात हे करणं म्हणजे पंख्याचा खर्च वाचवून गिअरकेसचा ओढवून घेणं. भर समुद्रात एकटे अडकला असाल आणि किनारा गाठायचा असेल तर गोष्ट वेगळी. तशी वेळ आली तर थ्रॉटल कमी ठेवून हळूहळू आलेलंच बरं, घसरलेलं रबरही तेवढं ओढतं.

तोपर्यंत बोट चालवायची की नाही, हाही निर्णयच होता. मालकाने डॉल्फिनच्या फेऱ्या थांबवल्या आणि फक्त खाडीतल्या, अर्ध्या थ्रॉटलखालच्या फेऱ्या चालू ठेवल्या. मला तो निर्णय योग्य वाटला. ओहोटीला संगमावर लाट फुटते. तिथे मागून लाट येत असताना जोर गेला तर बोट आडवी होते, आणि आत आठ माणसं असतात.

पहिली चाचणी आणि खोटा दिलासा

रबर घसरतंय का हे ओळखायची रीत सोपी आहे. पंख्याच्या मागचं नट आणि त्याखालचा खाचांचा वॉशर शाफ्टबरोबरच फिरतात. वॉशरपासून नळकांड्याच्या आतल्या कडेपर्यंत एक सरळ रेघ मारायची, बोट जोरात चालवायची, परत येऊन पाहायचं. रेघ तुटली तर रबर घसरलं.

ही चाचणी आधीच्या मेस्त्रीनेही केली होती, हे मला नंतर कळलं. त्याने बोट जेटीला बांधून, गिअर टाकून थ्रॉटल दिला. रेघ जागची हलली नाही. बुश चांगला आहे असं ठरलं आणि मोर्चा पुन्हा कार्ब्युरेटरकडे वळला. अडचण अशी की बांधलेल्या बोटीत अर्ध्याच्या पुढे थ्रॉटल द्यायची कुणाची छाती होत नाही: दोर ताणतात, जेटीच्या खुंट्या कुरकुरतात, शेजारच्या होड्या आपटायला लागतात. आणि आमची तक्रार तर अर्ध्या थ्रॉटलच्या पुढचीच होती. त्यामुळे चाचणी योग्य असूनही ती ज्या जोरावर घ्यायला हवी होती त्यावर घेतली गेली नाही.

आम्ही ती पुन्हा घेतली. मालकाच्या घरून मुलीच्या नेलपेंटची गडद लाल बाटली आली. थिनरने जागा पुसून त्यावर रेघ ओढली. नेलपेंट पाण्यात धुऊन जात नाही आणि तुटलं तर तडा स्वच्छ दिसतो; मार्करपेक्षा मला तेच आवडतं. मग गावातली सहा दांडगी पोरं बोटीत बसवली, लाइफ जॅकेटं घातली आणि खाडीच्या रुंद भागात थ्रॉटल पूर्ण उघडला. एकच सरळ धाव. परत येऊन इंजिन तिरकं उचललं तेव्हा वॉशरवरचा लाल तुकडा एकीकडे आणि नळकांड्यावरचा जवळजवळ पाव फेरी पलीकडे.

नट काढून पंखा ओढून घेतला. बाहीभोवती काळा रबराचा चुरा होता, बोटाला लागत होता. पंख्याच्या पुढे शाफ्टवर तंगुसाचे, म्हणजे मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याचे, काही वेढे बसलेले सापडले. मासेमारीच्या पट्ट्यात ही नेहमीची गोष्ट, पण ती तंगूस ऑइल सीलमध्ये शिरली की सील कापते आणि गिअर ऑइलमध्ये पाणी जातं. म्हणून खालचा ड्रेन स्क्रू थोडा सैल करून दोन थेंब पाहिले. तेल दुधाळ झालेलं नव्हतं, त्यात धातूचे कणही नव्हते. सील वाचलं होतं.

रबर कशाने गेलं? तांडेल आधी काही बोलेना. मग म्हणाला, मे महिन्यात बोट वर घ्यायच्या आधी ओहोटीला संगमावर पंखा वाळूत बसला होता, “पण तेव्हा काय झाला नाय.” तेव्हा झालंच होतं, दिसलं ऑक्टोबरात.

दोन साक्षी

इथपर्यंत प्रकरण सरळ होतं. एक गोष्ट मात्र मला पहिल्यापासून खटकत होती. तांडेल सांगत होता की गिऱ्हाईक भरलं की बोट ओढत नाही. खलाशी पोरगा मात्र म्हणत होता, रिकामी बोट आणतानाही कधी कधी इंजिन किंचाळतं, विशेषतः वळताना. तांडेलाने त्याला दोनदा गप्प केलं. “तुका काय कळता?”

रबर घसरण्याचं लक्षण तांडेलाच्या सांगण्याशी जुळत होतं: भार जास्त, जोर जास्त, घसर जास्त. खलाशाचं सांगणं त्याच्या उलट होतं. रिकाम्या बोटीला जोर कमी लागतो. तिथे रबर कमी घसरायला हवं.

मालकाच्या चुलतभावाकडे त्याच जातीच्या इंजिनाचा जादा पंखा होता, १२ इंच पिचचा, बुश धडधाकट. तो मागून आणून चढवला. पुढचा थ्रस्ट वॉशर आठवणीने बसवला, कारण तो राहिला की पंखा गिअरकेसला घासतो. तीच सहा पोरं, तीच धाव. इंजिन ४,७०० फेऱ्यांवर, वेग ताशी ३०. पिच वाढला की फेऱ्या उतरतात, त्यामुळे ४,७०० हा आकडा अपेक्षेतला. बोट उठली, नाक खाली आलं, पोरांनी आरोळी ठोकली.

मालकाने तिथेच फोन काढला आणि दुसऱ्या दिवशीचं बुकिंग घ्यायला सुरुवात केली. या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात नाजूक निर्णय हा होता, आणि तो निर्णय आहे असं कुणाला वाटतही नव्हतं. दोष सापडला होता, आकडे सुधारले होते, हंगाम डोक्यावर होता. थांबायला सगळी कारणं होती. खलाशाचं म्हणणं तेवढं शिल्लक राहिलं होतं.

पोरांना उतरवलं आणि तांडेल, खलाशी आणि मी, तिघेच बाहेर गेलो. सपाट पाण्यात सरळ जाताना काहीच नाही. संगमाजवळच्या आडव्यातिडव्या लाटांत शिरलो, तांडेलाला थ्रॉटल न सोडता वळायला सांगितलं, आणि इंजिन किंचाळलं. मीटर ५,८०० च्या पुढे गेला, मागे फेसाचा पांढरा पट्टा, वेग पडला. थ्रॉटल सोडून पुन्हा दिला, पकड आली. हे रबर नव्हतं. पंख्याला हवा मिळत होती.

तांडेलाला हे जाणवलं नव्हतं याचंही कारण त्या वळणात दिसलं. त्याचा हात वळताना आपोआप थ्रॉटल कमी करायचा. बाजूला बसून कानाने ऐकणाऱ्या खलाशाला जे कळलं ते हँडल हातात असलेल्याला कळलं नाही.

पावणेदोन इंच

बोट किनाऱ्यावर ओढली. तळाच्या कण्याशेजारी ॲल्युमिनियमची सरळ पट्टी धरून ती मागे इंजिनापर्यंत नेली. पंख्याच्या वर जी आडवी पाटी असते, तिला सगळे कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात, ती साधारण बोटीच्या तळाच्या पातळीत असावी. फार तर इंचभर वर. तिचं काम पृष्ठभागावरची हवा पंख्यापर्यंत ओढली जाऊ न देण्याचं. इथे ती पट्टीच्या पावणेदोन इंच वर होती.

मग ट्रान्समची उंची मोजली. लाँग शाफ्ट इंजिनाला २० इंचांचा ट्रान्सम लागतो. शॉर्टला १५, एक्स्ट्रा लाँगला २५. नवी फळी पावणेबावीस इंच भरली. जुनी किती होती हे तिच्या फोटोवरून आणि आतल्या जुन्या रंगाच्या खुणेवरून अंदाजाने काढलं: वीस-सव्वावीस. फायबरवाल्याने वरच्या काठाला मजबुतीसाठी प्लायची एक जादा पट्टी दिली होती आणि तिच्यावर मॅटचे थर. इंजिन त्या काठावर टेकतं. काठ वर गेला, इंजिन वर गेलं, पंखा वर गेला.

आता दोन्ही साक्षी जुळल्या. बोट भरली की मागचा भाग पाण्यात खोल बसायचा, पाटी बुडालेली राहायची, हवेचा प्रश्न यायचा नाही. पण जोर जास्त लागल्याने रबर घसरायचं. बोट रिकामी असली की रबर तग धरायचं, पण मागचा भाग वर उचलला जायचा आणि लाटेत किंवा वळणावर पंखा हवा ओढायचा. दोन दोष, आणि एक दिसायचा तेव्हा दुसरा लपलेला असायचा. दोघांना समोरासमोर बसवून “नक्की काय होतं ते एकमताने सांगा” असं म्हटलं असतं तर एक खरी साक्ष आम्ही स्वतःच पुसली असती.

दुरुस्ती

पंख्याचं सोपं होतं. मालकाने ११ इंच पिचचा नवा पंखा मागवला आणि जुना नवीन रबर दाबून घ्यायला पाठवला, जादा म्हणून. उसना १२ इंची पंखाच कायम का ठेवला नाही? ४,७०० फेऱ्या मर्यादेत बसतात हे खरं. पण भरलेली बोट संगमावरच्या लाटेतून झटकन उचलायची असते. तिथे कमी पिचचा पंखा उपयोगी पडतो. वरचा एक-दोन किलोमीटरचा वेग या धंद्यात कुणी मागत नाही.

फळीबाबत मालक अडून बसला. दोन महिन्यांपूर्वी पैसे मोजून केलेलं काम कापायचं? त्याच्या सांगण्यावरून आधी ट्रिमची (इंजिनाचा तिरकेपणा ठरवणारी) पिन एक भोक आत घेऊन पाहिली, म्हणजे इंजिनाचा पाय ट्रान्समच्या जवळ आला. वळणावरची किंचाळी कमी झाली, गेली नाही. उलट नाक पाण्यात घुसायला लागलं आणि हँडल जड झालं. पाटीवर बसवायचे पक्ष्याच्या पंखासारखे प्लॅस्टिकचे तुकडे मिळतात, तेही कुणीतरी सुचवलं. इंजिन चुकीच्या उंचीवर असताना त्यांनी झाकपाक होते एवढंच. शेवटी मालक तयार झाला.

काठ दीड इंच कापला. कापल्यावर उघडं पडलेलं प्लाय हीच खरी काळजीची जागा, कारण आधीची फळी अशाच उघड्या भोकांतून कुजली होती. काठावर रेझिन पाजून मॅटचे थर दिले. इंजिनाचे बोल्टही दीड इंच खाली आले. जुनी भोकं घट्ट केलेल्या रेझिनने बुजवली, नवी भोकं थोडी मोठी पाडून रेझिनने भरून पुन्हा छेदली आणि बोल्ट सीलंट लावून बसवले. हे सगळं त्याच फायबरवाल्याने केलं. मालक आणि तो दोघेही सुरुवातीला तिरसट बोलत होते, पण काम त्याने मन लावून केलं.

निष्पत्ती

नवा पंखा आणि कापलेली फळी घेऊन पुन्हा त्याच दोन धावा घेतल्या. भरलेली: ५,१०० फेऱ्या, ताशी ३३ किलोमीटर. हिशोब केला तर घसर २३ टक्के, म्हणजे गेल्या हंगामाइतकीच. रिकामी, लाटांत, वळणावर, थ्रॉटल न सोडता: फेऱ्या थोड्या हलल्या, किंचाळी नाही. पाटी आता तळाच्या पाव इंच वर आहे.

इंजिनाने मर्यादेबाहेर फेऱ्या घेतल्या होत्या म्हणून दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन पाहिलं. आकडे चांगले आणि एकमेकांजवळचे. दहा टक्क्यांहून जास्त फरक असता तर काळजी केली असती. इंजिन जास्त वर बसलं की हवा थंड पाण्याच्या वाटेतही शिरते, म्हणून पाण्याची धारही तपासली. जोमदार होती. दिवाळीच्या गर्दीआधी बोट डॉल्फिनच्या फेऱ्यांना लागली.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, आकडे. फेऱ्या आणि वेग हे दोन आकडे पहिल्याच दिवशी कुणी घेतले असते तर कार्ब्युरेटर उघडलाच गेला नसता. आरपीएम मीटर प्रत्येक बोटीत असावा असं माझं मत आहे. मालकाने अजून घेतलेला नाही.

दुसरं, मे महिन्यात पंखा वाळूत बसला तेव्हाच नेलपेंटची रेघ मारून ठेवायला हवी होती. बोट पाण्यातच होती, एका धावेत कळलं असतं, आणि रबर बदलून घ्यायला अख्खा पावसाळा हाताशी होता. तांडेलाने सांगितलं नाही याचं मला नवल वाटत नाही. वाळूला लावली म्हटलं की बोलणी बसतात. मालकाने आता आपटल्याचं सांगेल त्याला काही बोलायचं नाही असं ठरवलंय. ते टिकलं तर मीटरपेक्षा जास्त उपयोगाचं ठरेल.

तिसरं, ट्रान्समचं माप. फळी बदलायला देताना काठापासून तळापर्यंतची उंची जुन्या फळीवरून मोजून कागदावर लिहून द्यायची, आणि काम झाल्यावर इंजिन टांगायच्या आधी पुन्हा मोजायची. फायबरवाल्याला बोटीची ताकद कळते, पंख्याची पातळी कळेलच असं नाही. फळी कापायचा खर्च कुणी द्यायचा यावर त्या दोघांचं अजून एकमत नाही. मालकाचं म्हणणं, काम चुकीचं झालं; फायबरवाल्याचं म्हणणं, उंची मला कुणी सांगितली नव्हती. माझ्या मते अर्धा-अर्धा वाटून घ्यावा, आणि तसं मी दोघांनाही सांगून ठेवलंय.